तारीख नसलेलं पान

अकरा नंबरच्या खाटेवर एक आजी होत्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या. सारी हयात मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात गेलेली. डाव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तंबाखूनं कायमचं तपकिरी झालेलं. तीन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळी अंगात कसकस, लुगड्याच्या निऱ्या दोन जास्त पडतील इतकं उतरलेलं वजन. आणि काही वर्षांपूर्वी एकदा टीबीचं औषध पूर्ण घेतलेलं.

सकाळच्या राउंडला मी शेवटच्या वर्षाच्या मुलीला विचारलं, "टीबी पुन्हा उलटलाय असं धरून चाल. काय देशील?"

ती अडखळली नाही. "कॅटेगरी टू, मॅडम. पहिले दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनसह पाच औषधं, मग एक महिना चार, मग पाच महिने तीन. आठवड्यातून तीन दिवस."

पाठ चोख होता. मी विद्यार्थिनी असते आणि तो जुना काळ असता, तर या उत्तराला पैकीच्या पैकी मिळाले असते. पण आठवड्यातून तीन दिवस औषध देण्याची ती पद्धत आपल्या राष्ट्रीय टीबी कार्यक्रमानं २०१७ साली मागे टाकली आणि वजनानुसार रोज गोळ्या द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं, की कॅटेगरी टू आता लिहू नका. उलटलेल्या टीबीत आधी थुंकी सीबीनॅटला, म्हणजे जंतूंच्या जनुकांच्या झटपट तपासणीला पाठवायची, रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतात का ते पाहायचं आणि मग औषध ठरवायचं.

हे सगळं होत असताना आजी मान वळवून उजवा कान आमच्याकडे करत होत्या. डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू यायचं. स्ट्रेप्टोमायसिन आठव्या मज्जातंतूला इजा करतं, माणसाचं ऐकू येणं आणि तोल, दोन्ही जाऊ शकतं. इंजेक्शन कुणी दिलं नव्हतं, देणारही नव्हतं. तरी माझ्या पोटात गोळा आला. कारण ही मुलगी दीड वर्षात इंटर्नशिप संपवून एखाद्या गावाच्या आरोग्य केंद्रात एकटी बसलेली असेल, आणि तिच्या मागे राउंड घेणारं कुणी नसेल.

"कुठे वाचलंस हे?"

तिनं अ‍ॅप्रनच्या खिशातून फोन काढला. वैद्यकीच्या अभ्यासाच्या एका अ‍ॅपमधलं पान. देखणं होतं. चार रंगांचा तक्ता, औषधांच्या आद्याक्षरांवरून लक्षात ठेवायची युक्ती, खाली पाच सरावप्रश्न. वर ठळक अक्षरांत कार्यक्रमाचं नाव होतं आरएनटीसीपी. ते नाव २०२० साली बदललं, आता एनटीईपी म्हणतात. एवढी एकच खूण, की हे पान जुनं आहे. आणि ती खूण ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच दिसणार.

मी पानाची तारीख शोधली. नव्हती. लिहिणाऱ्याचं नाव शोधलं. तेही नव्हतं. पण अ‍ॅपच्या दुकानात जाऊन पाहिलं, तर अ‍ॅप मागच्याच आठवड्यात अपडेट झालेलं होतं. काय बदललं, तर किरकोळ दुरुस्त्या आणि वेग. तारे साडेचारच्या वर.

त्या दिवशी मला जी गोष्ट नीट कळली ती ही: अ‍ॅप ताजं असतं आणि आतलं ज्ञान शिळं असतं, आणि ताजेपणाची खूण फक्त अ‍ॅपला असते. पुस्तकाचं तसं नसतं. आमच्या काळी सिनियरकडून घेतलेलं मेडिसिनचं पुस्तक हातात आलं, की पहिलं पान उघडून आवृत्ती बघायची सवय होती. कितवी आहे, कोणत्या सालची आहे. पानं पिवळी पडलेली असायची, कडा दुमडलेल्या असायच्या. पुस्तक स्वतःच आपलं वय सांगायचं. फोनचा पडदा सांगत नाही. दहा वर्षांपूर्वीचा तक्ता आणि आज सकाळी लिहिलेला तक्ता तिथे सारखेच चकचकतात.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे आहे. मुलं मला दर वर्षी विचारतात, "मॅडम, कुठलं अ‍ॅप घेऊ?" पूर्वी मी "चांगलं बघून घ्या" म्हणून पुढे जात असे. ते उत्तर मला आता देववत नाही. आमच्याकडे येणारी मुलं काही फार पैशाची नसतात. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाच्या घरी दोन एकर कोरडवाहू ज्वारी. वर्षाची वर्गणी भरायची तर घरी फोन करून मागावी लागते. त्या पैशांच्या बदल्यात त्यांना काय मिळतं, हे बघणं माझं कामच आहे.

पहिल्यांदा आम्ही तारे बघितले. चार मुलांना बसवून दुकानातले अभिप्राय वाचायला सांगितले. दुपारभर वाचून झाल्यावर एकानं हिशेब मांडला: लोक तक्रार करतात ती लॉगिन होत नाही, व्हिडिओ अडकतो, पैसे परत मिळत नाहीत, याची. कौतुक करतात ते अ‍ॅप छान आहे, सगळं एका जागी आहे, याचं. "औषधाचा डोस चुकीचा आहे" असं लिहिलेला एक अभिप्राय त्या दुपारी आम्हाला सापडला नाही. यात त्या लोकांचा दोष नाही. तारे देणारा स्वतः शिकणारा असतो. ज्याला चूक ओळखता येते त्याला ते अ‍ॅप लागत नाही, आणि ज्याला लागतं त्याला चूक ओळखता येत नाही.

मग 'मार्स' काढलं. मोबाइल अ‍ॅप रेटिंग स्केल. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी २०१५ साली आरोग्याच्या अ‍ॅपसाठी ही मोजपट्टी तयार केली. एकूण २३ प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. अ‍ॅप गुंतवून ठेवतं का, नीट चालतं का, दिसायला कसं आहे आणि माहिती कशी आहे, असे चार भाग, आणि शेवटी तपासणाऱ्याचं स्वतःचं मत. अट अशी, की गुण देण्याआधी निदान दहा मिनिटं तरी अ‍ॅप वापरून बघायचं. मोजपट्टी चांगली आहे. तिच्यामुळे मुलांना "आवडलं" आणि "चांगलं आहे" यांतला फरक पहिल्यांदा जाणवला. एकच अ‍ॅप दोघांनी वेगवेगळं बसून तपासायचं आणि मग गुण जुळवून बघायचे, असा नेम आम्ही केला. अक्कलकोटच्या मुलानं एका अ‍ॅपला माहितीचे पाच दिले आणि पूर्व भागातल्या मुलीनं दोन. दोघं अर्धा तास भांडले. त्या अर्ध्या तासात ती दोघं जितकं शिकली, तितकं त्या अ‍ॅपनं शिकवलं नसतं.

मार्समध्ये माहितीच्या भागात शेवटचा प्रश्न असतो: हे अ‍ॅप कुणी रीतसर तपासून पाहिलंय का, त्याचा उपयोग होतो याचा काही पुरावा आहे का? नसेल तर 'लागू नाही'. आम्ही घेतलेल्या प्रत्येक अ‍ॅपपुढे तिथे 'लागू नाही' लिहावं लागलं. मुलं गप्प झाली. ज्या शास्त्रात आम्ही त्यांना पहिल्या वर्षापासून "पुरावा काय?" विचारायला शिकवतो, ते शास्त्र शिकवणाऱ्या वस्तूला हा प्रश्न कुणी विचारलेलाच नव्हता.

पण मार्सशीही माझं एका जागी जमलं नाही. शेवटी चारही भागांची सरासरी काढतात. दिसायला साडेचार, चालायला पाच, गुंतवायला साडेचार, माहितीला दोन. सरासरी चार. आमचं कॅटेगरी टूवालं अ‍ॅप असंच चारवर जाऊन बसलं. मुलांना मी विद्यापीठाचाच दाखला दिला. थिअरीत सत्तर टक्के आणि प्रॅक्टिकलला तीस, तर बेरीज करून कुणी पास करतं का? नापास म्हणजे नापास. डोळ्यांना गोड दिसणाऱ्या रंगांनी चुकीच्या डोसाची भरपाई होत नाही. म्हणून माहिती हा आम्ही गुणांचा भाग ठेवलाच नाही, उंबरा केला. तो ओलांडला तरच पुढचं बघायचं.

उंबऱ्यासाठी फार डोकं लढवावं लागलं नाही. 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात १९९७ साली, इंटरनेट नुकतं घराघरांत शिरत होतं तेव्हा, आरोग्याच्या संकेतस्थळांसाठी चार साध्या अपेक्षा मांडल्या होत्या. लिहिणारा कोण, आधार कुठला, पैसा कुणाचा आणि केव्हा लिहिलं. तेव्हा स्मार्टफोन नव्हते, पण प्रश्न आजही तेच लागतात. पैसा कुणाचा, हा तर जास्तच. एखाद्या मोफत अ‍ॅपमध्ये प्रतिजैविकाच्या धड्याच्या मधोमध त्याच प्रतिजैविकाच्या एका ब्रँडची जाहिरात येते, तेव्हा मुलाच्या डोक्यात धडा आणि ब्रँड एकत्रच जाऊन बसतात.

या चारांत मी आमचा एक पाचवा घातला: कुणासाठी लिहिलं? हा प्रश्न सोलापूरनं शिकवला.

ऊसतोडीच्या दिवसांत आणि पावसाळ्यात आमच्याकडे सर्पदंश येतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आपल्याकडची सर्पविषावरची लस या चौघांसाठी मिळून बनवलेली असते. एका नावाजलेल्या परदेशी बनावटीच्या अ‍ॅपमध्ये सर्पदंशाचं प्रकरण इतकं सुंदर आहे, की वाचतच राहावं. पण त्यात साप आहेत तिकडचे, खुळखुळ्या शेपटीचे, आणि लसही तिकडची. मण्यार नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, जखम जवळजवळ दिसत नाही, सूज नाही, माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून येतो आणि बघता बघता त्याच्या पापण्या मिटायला लागतात. हे ज्याला माहीत नाही तो त्याला ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवेल. त्या प्रकरणात तारीख होती, लेखकांची नावं होती, संदर्भ होते. चारही प्रश्नांत ते उत्तीर्ण होतं. फक्त आमच्यासाठी लिहिलेलं नव्हतं.

उलट घोणसाच्या दंशात आम्ही खाटेजवळच जी तपासणी करतो, ती कोणत्याही चकचकीत अ‍ॅपपेक्षा मला मोलाची वाटते. काचेची स्वच्छ, कोरडी, नवी नळी. तिच्यात रुग्णाचं दोन मिली ताजं रक्त. वीस मिनिटं हात लावायचा नाही, हलवायचं नाही. मग नळी एकदा तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर विषानं रक्ताची गोठण्याची ताकद खाल्लेली आहे. नळी प्लॅस्टिकची चालत नाही, कारण काचेच्या स्पर्शानंच गोठण्याची क्रिया सुरू होते. साबणानं धुतलेलीही चालत नाही. आणि लहान मुलाला लसीचा डोस मोठ्या माणसाइतकाच लागतो, कारण सापानं विष सोडताना समोरच्याचं वजन पाहिलेलं नसतं. ज्या अ‍ॅपमध्ये ही नळी नीट दाखवलेली असेल, त्याचे रंग कितीही फिके असोत, ते मी माझ्या मुलांना देईन.

त्वचेच्या अ‍ॅपचंही तसंच. पुरळाची चित्रं गोऱ्या कातडीवरची, त्यामुळे "लालसर चट्टे" हे मुलांना पाठ. आमच्या ओपीडीतल्या सावळ्या पाठीवर तोच चट्टा जांभळट नाहीतर नुसता गडद दिसतो, आणि मुलं लाल शोधत बसतात.

एवढं वाचून कुणाला वाटेल, मी फोनच्या विरोधात आहे. अजिबात नाही. एक प्रसंग सांगते.

मायट्रल स्टेनोसिसचा आवाज, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप अरुंद झाल्यावर येणारी ती खोल घरघर, मुलांना ऐकवणं हे आम्हा शिक्षकांचं जुनं दुखणं आहे. ती फार खालच्या पट्टीत असते. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचं, श्वास सोडून थांबायला सांगायचं, स्टेथोस्कोपची बेलची, म्हणजे वाटीसारखी बाजू हृदयाच्या टोकाशी अगदी हलकी टेकवायची. दाबली की आवाज गेला. वीस मुलांतल्या दोघांना ऐकू येतो, बाकीची अठरा मान डोलावतात. एका छोट्याशा अ‍ॅपमध्ये हृदयाचे आवाज साठवलेले होते. ते उघडलं की पहिली ओळ यायची: इअरफोन लावल्याशिवाय ऐकू नका, फोनच्या स्पीकरला हा आवाज झेपत नाही. मी तिथेच थांबले. ते खरंच आहे, फोनचा इवलासा स्पीकर इतक्या खालच्या पट्टीतलं काही वाजवू शकत नाही. इतर दोन अ‍ॅपमध्ये हाच आवाज मुलं स्पीकरवर ऐकत होती, म्हणजे काहीच ऐकत नव्हती. या अ‍ॅपनं मात्र पुढे विचारलं, रुग्ण कोणत्या कुशीवर आहे? बेल की डायफ्रॅम, म्हणजे सपाट बाजू? चुकीचं उत्तर दिलं की आवाज पुसट व्हायचा.

चार दिवसांनी माढ्याकडची एक बाई धाप लागते म्हणून भरती झाली. आमच्या बॅचमधला एक अबोल मुलगा सगळ्यांच्या आधी तिच्याकडे गेला, तिला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं आणि डोळे मिटून उभा राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, आहे." त्याचा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ते अ‍ॅप मार्सवर दिसण्यात तीनच्या खाली गेलं होतं.

त्या दिवसापासून आमचा शेवटचा प्रश्न ठरला. अ‍ॅप बंद केल्यावर मूल खाटेकडे जातं का, आणि गेल्यावर त्याचा हात काही वेगळं करतो का? २०१९पासून एमबीबीएसला जो क्षमताधारित अभ्यासक्रम आला, त्याचाही भर करून दाखवण्यावरच आहे. पण बाजारातली बहुतेक अ‍ॅप उभी आहेत ती पीजीच्या प्रवेशपरीक्षेवर, चार पर्यायांतून एक निवडण्यावर. मी त्याला नावं ठेवत नाही. त्या परीक्षेवर मुलांचं आयुष्य टांगलेलं आहे आणि पुन्हा पुन्हा प्रश्न सोडवण्यानं लक्षात राहतं हेही खरं. फक्त रुग्ण पर्याय देत नाही. आजींनी "दग्गु" म्हटलं होतं. तेलुगूत खोकला. बाजूच्या खाटेवरच्या कलबुर्गीच्या बाई "केम्मु" म्हणतात, कन्नडमध्ये. आमच्या वॉर्डात सकाळच्या दोन तासांत तीन भाषांत खोकला येतो, आणि तो कुठल्याच अ‍ॅपच्या लक्षणांच्या यादीत नाही. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि तिथल्या जखमींवर उपचार करता करता चिनी शिकले. आमच्या मुलांना हे रोज करायचंय, आणि तेही घरापासून चार किलोमीटरवर.

ॲनाटॉमीबद्दल एवढंच. त्रिमितीतली ती फिरणारी शरीरं मला मनापासून आवडतात, आमच्या वेळी असती तर किती बरं झालं असतं असं वाटतं. पण तिथे धमनी लाल असते, शीर निळी आणि मज्जातंतू पिवळा. डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मॅलिननं सगळं एकाच राखाडी-तपकिरी रंगाचं झालेलं असतं, आणि बोटांनी चाचपूनच ओळखावं लागतं: पोकळ आहे का, दोरीसारखं आहे का.

आजींची थुंकी सीबीनॅटला गेली. टीबी निघाला, पण रिफॅम्पिसिनला दाद देणारा. नेहमीच्या रोजच्या गोळ्या सुरू झाल्या, इंजेक्शन नाही. गोळ्या कशा घ्यायच्या हे त्याच मुलीनं त्यांना तेलुगूत समजावलं, उजव्या कानाशी वाकून. मग तिनं अ‍ॅपच्या कंपनीला पत्र लिहिलं. काय चुकलंय, कधीपासून चुकलंय, बरोबर काय आहे, सगळं मुद्देसूद. मी फक्त एक वाक्य कमी करायला सांगितलं, ते रागाचं होतं. उत्तर आलं, दोन ओळींचं, सूचनेबद्दल आभार मानणारं.

दीड महिन्यानं ती फोन घेऊन माझ्या खोलीत आली. पान बदललं होतं. कॅटेगरी टू गेली होती, रोजच्या गोळ्या आल्या होत्या, वरचं नावही नवं. रंग तेच, युक्ती नवी. "झालं मॅडम," ती म्हणाली. मी पान खालपर्यंत सरकवलं. पूर्वी काय होतं, केव्हा बदललं, ज्यांनी जुनं पाठ केलं त्यांनी काय विसरायचं, यातलं काहीच नव्हतं. तारीखही नव्हती.

तिच्याही ते लक्षात आलं. "माझ्या हॉस्टेलच्या सिनियर तर हेच वाचून पास झाल्यात," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून तिथेच बसली. त्यांच्या बॅचचा ग्रुप शोधला आणि दोन्ही पानांचे फोटो टाकले, जुन्यावर फुली मारून. खाली लिहायला घेतलं, मग थांबली आणि मला विचारलं, "मॅडम, आज तारीख किती?"